करणारा आणि करवणारा

अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ हे साल कोरलेले आहे, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव त्यात आहे आणि त्याच्या अधिकाऱ्यांचीही. वालधुनीच्या काठी ज्यांनी तो दगड घडवला, शिखरावरची एकेक नक्षी काढली, त्या पाथरवटांपैकी कोणाचे नाव मात्र त्यात नाही. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीत करवणारा सापडतो, करणारा हरवतो. आज त्याच अंबरनाथमध्ये कोणी फोनवरून जेवण मागवले की पडद्यावर नेमके उलटे दिसते. जेवण घेऊन येणाऱ्या तरुणाचे नाव, त्याचा फोटो, त्याला आजवर मिळालेले रेटिंग, त्याची दुचाकी या घटकेला कोणत्या वळणावर आहे, सगळे उघड असते. त्यालाच का पाठवले, याच मिनिटाला का पाठवले, एवढ्याच पैशांत का पाठवले आणि हे सारे कोणी ठरवले, याचा मागमूसही तिथे नसतो. पहिल्या नोंदीतला अन्याय आपल्याला चटकन कळतो, कारण राजे गेले. दुसरा अन्याय सोयीच्या वेष्टनात येतो, म्हणून तो अन्याय वाटत नाही. एखाद्या कर्माचे स्थळ आणि वेळ जो ठरवतो, तो त्या कर्माचा कर्ता आहे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. माझे उत्तर असे की तो कर्ता आहे, आणि ठरवण्याचे काम यंत्राकडे सोपवले म्हणून त्याचे कर्तेपण तसूभरही कमी होत नाही.

यंत्र काय करते ते आधी नीट पाहिले पाहिजे, नाहीतर वाद हवेत राहतो. शहरभर विखुरलेले हजारो फोन दर काही क्षणांनी आपली जागा कळवत असतात. दुसरीकडून कामे येत असतात, आणि प्रत्येक कामाला एक उचलण्याची जागा, एक पोचवण्याची जागा आणि एक मुदत असते. कोणते काम कोणत्या फोनला द्यायचे, म्हणजे एकूण खर्च सर्वांत कमी होईल, हे गणित सोडवायचे असते. माणसे आणि कामे यांची जुळणी करण्याची एक सुबक रीत हॅरोल्ड कून या गणितज्ञाने १९५५ मध्ये मांडली. तिला हंगेरियन पद्धत म्हणतात. डँटझिग आणि रॅम्सर यांनी १९५९ मध्ये पेट्रोल वाहून नेणाऱ्या ट्रकांच्या वाटा कशा आखाव्यात, हा प्रश्न मांडला. आजची आखणी याच घराण्यातली. फरक इतकाच की याद्या आता स्थिर नाहीत. माणूस हलतो, हॉटेलातला तवा उशीर करतो, फाटकापाशी वाहने तुंबतात, आणि यंत्राला दर काही सेकंदांनी जुळणी नव्याने करावी लागते. देशात २०२०-२१ मध्ये असे सुमारे ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील, असा अंदाज नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात दिला आहे. गणिताच्या दृष्टीने हे सगळे फिरते बिंदू आहेत. बिंदूला स्थळ असते, वेळ असते, आणखी काही नसते.

उल्हासनगरच्या एखाद्या कॅम्पात हा बिंदू जवळून पाहावा. हँडलला अडकवलेला फोन, पावसाळा असेल तर त्यावर प्लास्टिकची पिशवी, तिच्या आत वाफ धरलेली. घंटी वाजते, हॉटेलचे नाव, अंतर आणि रक्कम दिसते, आणि होकार देण्यासाठी मोजके सेकंद सरकत जातात. होकार दिला की नकाशावर खूण उमटते. पण उल्हासनगरचे पत्ते नकाशासाठी घडलेलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना त्या बराकींमध्ये वसवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर झाले. पुढे बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तरी पत्त्यात बॅरक नंबर आणि सेक्शन अजून टिकून आहेत. नकाशावरची खूण गल्लीच्या तोंडाशी थांबते. तिथून पुढे कोणत्या बोळात शिरायचे, कोणत्या शिवणकामाच्या गाळ्याशेजारून जिना वर जातो, हे त्या तरुणाला ठाऊक असते किंवा विचारून काढावे लागते. शेवटची शंभर पावले त्याच्या स्वतःच्या ज्ञानावर चालतात, आणि ते ज्ञान कोणत्याही हिशेबात येत नाही. बदलापूर आणि अंबरनाथमध्ये रूळ शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करतात. पलीकडचे घर डोळ्यांना दिसत असते, गाडीला मात्र पुलाचा वळसा पडतो. वळसा नकाशाला कळतो, संध्याकाळी सातच्या लोकलमधून उतरलेली गर्दी रस्ता कसा अडवते हे त्याला अर्धवटच कळते.

आता कर्तेपणाकडे येऊ. न्यायदर्शनाने कर्त्याला तीन लक्षणे लावली: ज्ञान, चिकीर्षा आणि कृती. काय करायचे आणि कशाने करायचे हे ज्याला कळते, ते करावे अशी ज्याची इच्छा आहे आणि त्यासाठी ज्याचा प्रयत्न चालतो, तो कर्ता. घट पाहिला की कुंभाराचे अनुमान होते ते यामुळेच. जग हे कार्य आहे, तेव्हा त्यालाही ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न असलेला कर्ता हवा, हा उदयनाचार्यांचा युक्तिवाद याच लक्षणावर उभा आहे. नैयायिकांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे ही तिन्ही लक्षणे एकाच ठिकाणी नांदतात. कुंभाराला माती कळते, घट त्यालाच हवा असतो आणि चाकही तोच फिरवतो. फोनवरून होणाऱ्या कामात ही तीन लक्षणे वेगळी काढून तीन ठिकाणी ठेवलेली आहेत. आसपास किती कामे आहेत, किती माणसे रिकामी आहेत, कोणत्या कामाला किती मोबदला आणि का, हे ज्ञान कंपनीच्या संगणकात. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त कामे उरकावीत ही चिकीर्षा कंपनीची. आणि कृती, म्हणजे ऊन, खड्डे, जिने आणि पाठीवरची पेटी, एवढी त्या तरुणाची. काम बिघडले की जाब मात्र कृतीलाच विचारला जातो. जेवण गार झाले तर तारे त्याचे कमी होतात, तवा कोणाचा उशिरा तापला याची पर्वा न करता. न्यायाच्या कसोटीवर हे टिकत नाही. ज्याच्याकडे तीनपैकी दोन लक्षणे आहेत त्याने तिसरे दुसऱ्याकडून करवून घेतले, तर कर्तेपण त्याच्याकडेच राहते. आपली नीतिपरंपराही करणारा, करवणारा, प्रेरणा देणारा आणि अनुमोदन देणारा या चौघांना पुण्यात आणि पापात सारखे वाटेकरी मानते. त्या चौघांत अनुमोदन देणारे म्हणजे आपण, गरम जेवणाची वाट पाहणारे, हेही विसरता येत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. इथे कोणी ठरवतच नाही, गणित ठरवते. गणिताला जात नाही, नातेगोते नाही, मुकादमासारखी मर्जी नाही. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मोकळेपणाने मानले पाहिजे. नाक्यावर उभे राहून मुकादमाच्या बोटाकडे पाहणाऱ्या मजुरापेक्षा फोनवर काम मिळणाऱ्याला एका अपमानापासून सुटका मिळाली आहे. पण गणित फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. खर्च म्हणजे काय, हे त्याला आधी सांगावे लागते. ग्राहकाचे थांबणे खर्चात धरायचे आणि ऑर्डर पडण्याची वाट बघत बदलापूर स्टेशनाबाहेर दुचाकीवर बसलेल्याचे थांबणे धरायचे नाही, हा निर्णय गणिताने घेतलेला नाही. तो माणसांनी एका कार्यालयात बसून घेतला आणि मग गणितात लिहिला. वैशेषिकांनी काल आणि दिक् यांना नऊ द्रव्यांत स्थान दिले आणि दोन्ही एक व अखंड मानली. क्षण, दिवस, पूर्व, पश्चिम हे भेद उपाधीमुळे भासतात, असे ते म्हणतात. त्यांचे सृष्टिशास्त्र आज कोणी जसेच्या तसे स्वीकारणार नाही, पण त्यातून एक नैतिक गोष्ट हाती लागते. काळाचे तुकडे निसर्गाने पाडून दिलेले नाहीत. एखाद्याच्या दिवसातला कोणता तुकडा कामाचा आणि कोणता रिकामा, ही रेघ कोणीतरी ओढतो. ज्याने ती ओढली, त्याला तिचा जाब द्यावा लागेल.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो धार्मिक अंगाने येतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. केवळ आपणच कर्ता आहोत असे मानणाऱ्याला तिथे मंदबुद्धी म्हटले आहे. मग कर्तेपणाचा हा हिशेब मांडण्यात अर्थ काय? कोणते काम कोणाच्या वाट्याला यावे, हे तसेही आपल्या हाती नसते. फोनने दिले तेही एका अर्थी दैवानेच दिले. हा विचार रस्त्यावरच्या बोलण्यात सर्रास ऐकू येतो. आज ऑर्डरी पडल्या नाहीत, नशीब. आयडी बंद झाला, नशीब. इथेच मला सर्वांत मोठा धोका दिसतो. गीतेने दैव पाचवे ठेवले, आधीच्या चारांचा शोध संपल्यावर जे उरते त्याला ते नाव दिले. माणसाने ठरवलेली आणि माणसाला बदलता येणारी गोष्ट त्या पाचव्या खान्यात टाकणे म्हणजे शास्त्राच्या आडून जबाबदारी पुसणे. २७ जुलै २०१९ च्या पहाटे उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना पाण्यातून बाहेर काढावे लागले. तो पाऊस दैव म्हणावा. पण नदी फुगली असताना नदीकाठच्या वस्तीतली मागणी चालू ठेवायची की नाही, पावसात जादा पैसे दाखवून कोणाला रस्त्यावर ओढायचे की नाही, हे दैव नव्हे. त्याला लिहिणारा हात आहे. १९२७ साली बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षस्थान ज्यांनी भूषवले, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याच्या अखेरीस बुद्धाच्या धम्मावर लिहिताना हेच कळकळीने मांडले की आजच्या दैन्याचे खापर मागच्या जन्मावर फोडण्याचा सिद्धांत समाजाला अन्यायातून मोकळे सोडतो. मजूरमंत्री म्हणून त्यांनी आणलेल्या विधेयकातून १९४६ मध्ये कारखान्यांत आठवड्याचे ४८ तास आले, ते दैवाचा खाना रिकामा करूनच.

याच वाटेने निष्काम कर्माचा आक्षेप येतो. फळाची आशा न धरता कर्म करावे हे ज्या भूमीचे तत्त्वज्ञान, तिथे दर ऑर्डरमागे मिळणाऱ्या रुपयांचा आणि थांबलेल्या तासांचा हिशेब मागणे कोते नाही का? टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मयोग हा संन्यासापेक्षा श्रेष्ठ ठरवला, तो लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाच्या धारणेसाठी. फलत्याग हा ज्याचे फळ आहे त्याने, जाणून आणि आपखुशीने करायचा असतो. फळ जो आपल्या पदरात घेणार आहे, त्याने दुसऱ्याला फलत्यागाचा उपदेश करायचा नसतो. तसे केले की तो उपदेश राहत नाही, वसुली होते. शिवाय त्याग करायला आधी काय सोडतो आहोत ते कळावे लागते. ज्याला आपल्या कामाचा मोबदला कसा ठरला हेच माहीत नाही, त्याच्या निमूटपणाला निष्कामता म्हणणे हा त्या थोर कल्पनेचा अपमान आहे.

धर्मकृत्याच्या आरंभी जो संकल्प सोडतात, त्याची रचना इथे फार बोलकी आहे. आधी देश सांगतात, थेट जंबुद्वीपापासून गोदावरीच्या दक्षिण तीरापर्यंत. मग काल सांगतात, शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग स्वतःचे गोत्र आणि नाव, आणि मग हे कर्म मी करीन असा उच्चार. कोणत्या स्थळी, कोणत्या काळी, कोण आणि कशासाठी, हे चारही ज्याच्या तोंडून बाहेर पडतात तोच यजमान. पुरोहित सांगतो, पण म्हणावे यजमानालाच लागते. देश-काल दुसऱ्याने ठरवून हातात दिले आणि नाव तेवढे आपले लागले, तर संकल्प कोणाचा झाला? उल्हासनगरच्या सिंधी समाजात दरवर्षी चालिहोचे चाळीस दिवसांचे व्रत पाळतात; तिथेही काळाची आखणी व्रत करणाऱ्याने स्वतः अंगावर घेतलेली असते. आखणी जाचक असूनही ती गुलामी वाटत नाही, याचे कारण तेच.

यावर कोणी म्हणेल की आखून दिलेल्या काळाशिवाय शहर चालतच नाही. बदलापूरहून मुंबईला जाणारा चाकरमानी लोकलच्या वेळापत्रकावरच जगतो, कारखान्यातला कामगार पाळीवर. बरोबर आहे. पण वेळापत्रक फलाटावर लावलेले असते, सर्वांना सारखे असते, आदल्या दिवशी कळलेले असते. त्याच्याविरुद्ध अर्ज करता येतो, मोर्चा नेता येतो. माणसागणिक आणि मिनिटागणिक बदलणारी, फक्त त्याच्याच पडद्यावर दिसणारी आखणी ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे, कारण तिच्याविरुद्ध दोघांना मिळून तक्रारसुद्धा करता येत नाही. प्रत्येकाचा पडदा निराळा असतो. गिरणी कामगारांना ही अडचण नव्हती. भोंगा सर्वांसाठी एकच वाजत होता, म्हणून नारायण मेघाजी लोखंडे त्याच्याविरुद्ध सर्वांना एकत्र आणू शकले आणि १८९० मध्ये आठवड्याची सुट्टी मिळवू शकले. रविवार हा खंडोबाचा वार, तो कामगाराला मिळालाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. काळाच्या मालकीचा दावा त्यांनी देवाच्या नावाने मांडला, आणि मालकांना तो नाकारता आला नाही.

आखणी करणारे आणि राबणारे एकच असू शकतात, याचाही पुरावा त्याच १८९० सालापासून मुंबईत आहे. महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या कामात देश आणि काल यांची जुळणी कमी बिकट नाही. घरून उचललेला डबा दुपारच्या जेवणापूर्वी ठरल्या मेजावर पोचायचा, मध्ये हात बदलायचे, गाड्या बदलायच्या, आणि हे सारे झाकणावरच्या रंगीत खुणा आणि आकड्यांवर. त्या खुणा वाहणाऱ्यालाच वाचता येतात. गटाची मिळकत वाटून घेतली जाते, मुकादम त्यांच्यातलाच असतो, आणि गावच्या देवाची जत्रा आली की सगळे मिळून काही दिवस काम बंद ठेवून मावळ-जुन्नरकडच्या गावी जातात. ग्राहक ते मान्य करतात. ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न तिथे एका ठिकाणी आहेत, आणि कामही चोख होते. डबेवाल्यांच्या वाटा रोज त्याच असतात, अचानक येणाऱ्या मागणीला ती रीत पुरणार नाही, हे खरे. म्हणून मी यंत्र काढून टाका म्हणत नाही. यंत्राने जुळणी करावी. कशाला खर्च म्हणायचे हे मात्र राबणाऱ्यांना कळले पाहिजे आणि ते ठरवताना त्यांना बोलता आले पाहिजे.

ते स्वतंत्र आहेत, हवे तेव्हा लॉगिन करतात, नको ते काम नाकारतात, तेव्हा त्यांना बोलायचे काय कारण, असे यावर म्हटले जाते. नाकारण्याची मुभा ही ठरवण्याची मुभा नव्हे. नाकारण्याचा परिणाम पुढच्या कामांवर होतो की नाही हेच ज्याला सांगितलेले नाही, त्याचे नाकारणे अंधारातले असते. आणि हप्ता भरायचा असलेल्या दुचाकीवर बसून ते नाकारायचे असते. कायद्याने या प्रश्नाला हात घातला आहे, पण अर्ध्यावर. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार अशी ओळख दिली आणि कंपन्यांच्या उलाढालीतला एक-दोन टक्के भाग त्यांच्या सुरक्षेसाठी काढायला सांगितले. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने आणि युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाने पुढचे पाऊल टाकले: यंत्राचा निर्णय कशावर घेतला जातो ते कामगाराला समजेल अशा रीतीने सांगा. पहिले कलम मदतीचे आहे, दुसरे कर्तेपणाचे. विम्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण अपघातानंतर पैसे देणारा फक्त दयाळू राहू शकतो, कर्ता ठरत नाही. निर्णयाचे कारण सांगायला लागले की त्याला आपले नाव घेऊन पुढे यावे लागते.

कारणे उघड केली तर लोक पळवाटा काढतील, ही कंपन्यांची भीती असते. राबणाऱ्यांनी कारणे उघड होण्याची वाट पाहिलेली नाही. व्हॉट्सॲपच्या गटांमध्ये कोणते हॉटेल ताटकळत ठेवते, कोणत्या रस्त्यावर पाणी भरले आहे, कोणत्या सोसायटीचा रखवालदार लिफ्ट वापरू देत नाही, आज कुठे ऑर्डरी पडत आहेत, हे ते एकमेकांना कळवत असतात. संगणकाने वेगळे काढलेले ज्ञान ते तिथे पुन्हा गोळा करतात, आणि त्याबरोबर काय करावे याची इच्छाही तिथेच आकार घेते. न्यायशास्त्राच्या भाषेत कर्ता घडण्याची सामग्री तिथे जमू लागली आहे. अशा गटाला वाटाघाटीच्या मेजावर बसण्याचा हक्क द्यायचा, की त्यातल्या बोलक्या सभासदांचे आयडी बंद होऊ द्यायचे, हे महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करताना ठरवायचे आहे, आणि ते ठरवणाऱ्यांची नावे तरी विधिमंडळाच्या नोंदीत राहतील.